स्टेशन नसतानाचा रेडिओ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

व्यासपीठावरचे सर आणि बाई, १९९६ च्या दहावीच्या तुकडीतले माझे सगळे दोस्त, आणि मागे सतरंजीवर बसून जेवणाच्या वासाकडे लक्ष ठेवणारी नववी-दहावीची मुलं,

संयोजकांनी फोन करून सांगितलं, ‘माझ्या यशाचा प्रवास’ यावर पंधरा मिनिटं बोल. मी म्हटलं, प्रवास तसा काही फार नाही. नारायणगावच्या स्टँडवरून एसटीत बसले, शिवाजीनगरला उतरले, ई अँड टीसीची पदवी घेतली आणि तिथेच राहिले. त्यापेक्षा मी रोज काय काम करते ते सांगू का? पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाले, चालेल, पण कळेल असं सांग. तर आज मी एफएफटीबद्दल बोलणार आहे, म्हणजे फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म. घाबरू नका, यात सम-विषमच्या पलीकडचं गणित जवळजवळ नाही.

माझ्या आप्पांचं पेठेत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांचे संच अजून आमच्या माळ्यावर पडून आहेत, कृपया घेऊन जा. शाळा सुटली की मी दुकानात बसायची. संच उघडला की आत गँग कंडेन्सर, कॉइल, आयएफटीचे ते छोटे चौकोनी डबे. आप्पा डब्यातला स्क्रू केसभर फिरवायचे आणि पुणे आकाशवाणी, ७९२ किलोहर्ट्झ, एकदम स्पष्ट बोलायला लागायची. हवेत शेकडो लहरी एकाच वेळी येत असतात आणि त्यातली हवी तेवढी एक निवडायची, हे काम त्या तारेच्या वेटोळ्यांचं होतं.

माझ्या कामात ती वेटोळी नाहीत. अँटेनातून आलेली लहर थोडीशी आवरून घ्यायची आणि लगेच तिचे आकडे करायचे. सेकंदाला लाखो नमुने. पुढची निवड, गाळणी, आवाज काढणं, सगळं प्रोग्रॅमने करायचं. याला सॉफ्टवेअर रेडिओ म्हणतात. हे नाव जोसेफ मिटोला या अमेरिकन इंजिनिअरने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुजवलं. २००१ साली एरिक ब्लॉसम यांनी ग्नू रेडिओ हा फुकट आणि खुला प्रकल्प सुरू केला. २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की डिजिटल टीव्ही बघण्यासाठी बनवलेला पेनड्राइव्हएवढा एक तुकडा, ज्यात आरटीएल२८३२यू नावाची चिप असते, तो कच्चे आकडेही देतो. हा बघा, माझ्या हातात आहे. याच्यातून सेकंदाला चोवीस लाख नमुने नीट मिळतात. आप्पांनी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा उलटसुलट करून विचारलं, ‘यात आयएफटी कुठंय?’ मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

आता हे चोवीस लाख आकडे म्हणजे नुसती कालवाकालव. संगीताच्या बाई पेटीच्या चार पट्ट्या एकदम दाबून विचारायच्या, कुठले कुठले सूर आहेत? ज्यांचा कान तयार होता ते सांगायचे. मी दर वेळी ‘सा’ म्हणायची, कारण सा बहुतेक वेळा असायचाच. फूरिये ट्रान्सफॉर्म म्हणजे तयार कान. एकत्र झालेल्या आवाजात कुठला सूर किती आहे हे तो सांगतो.

तो कसा सांगतो? १०२४ नमुने घ्या. प्रत्येक सुरासाठी एक घड्याळाचा काटा कल्पा. खालच्या सुराचा काटा हळू फिरतो, वरच्याचा भराभर. नमुन्यांची रांग त्या काट्याशी ताडून बघायची, म्हणजे एकेक गुणाकार करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. तो सूर असेल तर बेरीज मोठी होते, नसेल तर अधिक-उणे होऊन विरते. एका सुराला १०२४ गुणाकार, असे १०२४ सूर. म्हणजे १०,४८,५७६ गुणाकार, आणि तेही फक्त १०२४ नमुन्यांसाठी. चोवीस लाख नमुन्यांच्या हिशेबाने सेकंदाला २४५ कोटींच्या वर जातात. हा गुणाकारही साधा नसतो. प्रत्येक नमुना म्हणजे दोन आकड्यांची जोडी असते, त्यामुळे एकात चार गुणाकार दडलेले. मेहनती विद्यार्थ्याची पद्धत म्हणा.

हुशार पद्धत कवायतीच्या मैदानावर दाखवता येते. आठ मुलं उभी करा, हजेरी क्रमांक शून्य ते सात. (शून्य क्रमांक कुणाला नको असतो, पण संगणकाची हजेरी शून्यापासून असते.) समवाले एका बाजूला: ०, २, ४, ६. विषमवाले दुसऱ्या बाजूला: १, ३, ५, ७. प्रत्येक गट आपल्यापुरता छोटा हिशेब करणार. गटातही पुन्हा एकाआड एक विभागणी. शेवटी जोड्या उरतात: ० आणि ४, २ आणि ६, १ आणि ५, ३ आणि ७. दोघांचा हिशेब म्हणजे एक बेरीज आणि एक वजाबाकी.

मग परत जोडत यायचं. विषम गटाचं उत्तर थोडं फिरवून सम गटाच्या उत्तरात मिळवायचं की एका सुराचं उत्तर मिळतं. खरी गंमत पुढे आहे. तेच फिरवलेलं उत्तर मिळवण्याऐवजी वजा केलं की आणखी एका सुराचं उत्तर हातात येतं. का? कारण त्या दुसऱ्या सुरासाठी विषम गटाला बरोबर अर्धं वर्तुळ जास्त फिरावं लागतं, आणि अर्धं वर्तुळ म्हणजे पीटीच्या सरांचं ‘पीछे मूड’. पीछे मूड म्हणजे उणे एक. त्याला गुणाकार लागत नाही, नुसतं चिन्ह बदलतं. ‘दाहिने मूड’ म्हणजे पाव वर्तुळ, त्यालाही गुणाकार नाही. जोडीतल्या दोन आकड्यांनी जागा बदलायच्या आणि एकाचं चिन्ह. वेगवान एफएफटी लिहिणारे अजूनही या दोन हुकमांवर जगतात. एकाच गुणाकारात दोन उत्तरं, आणि असं दर पायरीला. आठ मुलांना ६४ ऐवजी १२ गुणाकार. १०२४ ला साडेदहा लाखांऐवजी ५,१२०. माझे सेकंदाचे २४५ कोटी सव्वा कोटीच्या आत आले.

हा मार्ग १९६५ साली जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी पाच पानांच्या लेखात छापला. त्यामागची हकीकत मला फार आवडते. १९६३ मध्ये रिचर्ड गार्विन नावाच्या शास्त्रज्ञाने टुकीला एका सरकारी बैठकीत कागदावर हे खरडताना पाहिलं. गार्विनला हवं होतं ते भूकंपमापकाच्या नोंदींवरून रशियाचे जमिनीखालचे अणुस्फोट ओळखणं. पण कूलीला त्याने सांगितलं की हेलियमच्या स्फटिकाचा अभ्यास करायचाय. कूलीने काम करून दिलं. पुढे कळलं की गाऊस या जर्मन गणितज्ञाने लघुग्रहांच्या कक्षा काढताना १८०५ च्या सुमाराला हीच युक्ती वापरली होती, फूरियेने आपला पहिला प्रबंध सादर करायच्याही आधी. गाऊसने ते लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. वही तपासायला न दिल्याचा हा परिणाम.

म्हणजे गणित १९६५ ला संपलं, मग मी काय करते? मी तेच गणित साध्या प्रोसेसरवर वेळेत बसवते. साधा म्हणजे तुमच्या लॅपटॉपमध्ये असतो तसा, जो एकीकडे गाणी वाजवतो आणि एकीकडे एक्सेल उघडतो. त्याची अडचण गुणाकारांची नसतेच. गुणाकार त्याला फार स्वस्त पडतात. एका झटक्यात चार किंवा आठ जोड्यांचे गुणाकार तो करतो. वेळ जातो वस्तू आणण्यात. बाकावरची वही लगेच मिळते, ग्रंथालयातलं पुस्तक आणायला जिना उतरावा लागतो. प्रोसेसरचा बाक म्हणजे त्याची सगळ्यात जवळची कॅश मेमरी, बहुतेक वेळा ३२ किलोबाइटची. १०२४ नमुने ८ किलोबाइटमध्ये मावतात, आरामात. दहा लाख नमुन्यांचा एफएफटी घ्या, त्याला ८ मेगाबाइट लागतात, मग नुसते जिने चढणं-उतरणं. त्यात सम-विषमच्या विभागणीमुळे दोनाच्या घाताएवढ्या उड्या माराव्या लागतात आणि नेमक्या तशा उड्यांनी सगळी दप्तरं एकाच खुंटीला येतात. बाकीच्या खुंट्या रिकाम्या, आणि या खुंटीवरची दप्तरं खाली पडतायत.

यावर एमआयटीतल्या मातेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन या दोघांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे केलं त्याला मी मनोमन हात जोडते. त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव एफएफटीडब्ल्यू, ‘फास्टेस्ट फूरिये ट्रान्सफॉर्म इन द वेस्ट’. नाव गमतीचं, काम नाही. कुठला मार्ग वेगवान हे ते आधी ठरवतच नाहीत. प्रोग्रॅम तुमच्याच यंत्रावर वेगवेगळ्या विभागण्या करून बघतो, घड्याळ लावतो आणि जिंकलेला मार्ग लक्षात ठेवतो. त्या साठवणीच्या फाइलला त्यांनी नाव दिलंय ‘विज्डम’, शहाणपण. नवशिक्यांची एक चूक नेहमीची: ही चाचणी घेताना प्रोग्रॅम तुमच्या नमुन्यांवरच गिरवागिरवी करतो, म्हणून आधी आखणी करायची, मग आकडे भरायचे. मी हे दोनदा शिकले.

आता माझी गोष्ट. मुलगी झाल्यावर मी चार वर्षं घरी होते. २०१६ साली पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत परत लागले, सहा महिन्यांच्या कंत्राटावर. मुलाखतीत मला चार वर्षांबद्दल जितके प्रश्न विचारले तितके सिग्नल प्रोसेसिंगबद्दल विचारले नाहीत, ते असो. काम होतं नियंत्रण कक्षासाठीच्या एका पेटीचं. वायरलेसचे चार पट्टे एकाच वेळी ऐकायचे, कोण कुठल्या चॅनलवर बोलतंय ते पडद्यावर दाखवायचं आणि आवाज ऐकवायचा. पूर, आग असल्या वेळी वापरायची पेटी. आत साधाच प्रोसेसर. आणि ती नमुने सांडत होती. नमुना सांडला की ड्रायव्हर पडद्यावर इंग्रजी ‘ओ’ छापायचा. कधी तासभर काही नाही, कधी एकदम ‘ओओओओ’, जसं काही कुणाचा पाय चुलीवर पडलाय.

वरिष्ठांचं मत झालं होतं की साध्या प्रोसेसरला एफएफटी झेपत नाही, वेगळं महागडं कार्ड बसवा. कार्ड बसवलं असतं तर पेटीची किंमत गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर गेली असती आणि प्रकल्प गुंडाळला असता, माझ्या कंत्राटासकट. मला सांगितलं गेलं, महिन्यात एफएफटी वेगवान करून दाखव. मी तीन आठवडे जीव तोडून केला. आखणी एकदाच, शहाणपणाची फाइल, मेमरीची मांडणी सरळ, सगळं. एफएफटी जवळजवळ दुप्पट वेगाने धावायला लागला. ओ तेवढेच राहिले.

त्याच आठवड्यात गच्चीवर चाचणी होती. आमचा एक सहकारी मोठ्या पंचवीस वॅटच्या संचाची अँटेना लावत होता, मी खाली पेटीसमोर. मी हातातल्या छोट्या संचावरून विचारलं, ‘चालू करू का?’ पेटीतून उत्तर आलं, ‘चालू करू.’ जरा विचित्र वाटलं, पण मी बटण दाबलं. वरून ओरडण्याचा आवाज जिन्यातूनच ऐकू आला. तो म्हणाला होता, ‘नका, नका चालू करू, हात आहे माझा.’ पुढचे शब्दही मी नीट ऐकायला थांबले नव्हते. बोटाला बारीकसा चटका बसला, तेवढ्यावर निभावलं. त्याने नंतर त्याचा विनोदही केला. मला त्या रात्री झोप लागली नाही. उद्या पुराच्या वेळी ही पेटी कुठल्या तरी टेबलावर असणार आणि कुणीतरी ‘नका सोडू’ म्हणणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रविवारी गावी आले होते. आप्पा कुणाचा तरी जुना संच तपासत होते, मुद्दाम काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवून, आवाज मोठा करून. घरभर खरखर. आई वैतागली. आप्पा म्हणाले, ‘स्टेशन लागलं की कुठलाही संच बराच वाटतो. स्टेशन नसताना काय करतो ते ऐकायचं असतं.’ हे वाक्य मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलंय. त्या दिवशी मात्र मी जेवता जेवता उठले.

कारण आम्ही टेबलावर सगळ्या चाचण्या स्टेशन लावूनच केल्या होत्या. सिग्नल जनरेटर कायम चालू. आणि खऱ्या वापरात काय होत होतं? आपण स्वतः बोलायला लागलो की आपलाच आवाज कानठळ्या बसवू नये म्हणून प्रोग्रॅम आत येणाऱ्या नमुन्यांच्या जागी शून्य भरायचा. खरखरही नाही, निखळ शून्य. सोमवारी मी शून्यं भरून पर्फ नावाचं मोजायचं साधन लावलं. एफएफटीचा वाटा अकरा टक्के. प्रोसेसरचा जीव जात होता एका भलत्याच ओळीवर.

ती ओळ अशी होती: पडद्यावरचं चित्र थरथरू नये म्हणून प्रत्येक सुराची सरासरी ठेवायची. जुन्या सरासरीचे नऊ दशांश अधिक नव्या मापाचा एक दशांश. कुणीही डोळे झाकून लिहील. नवं माप शून्य आलं की उरतं काय? जुन्याचे नऊ दशांश, त्याचे नऊ दशांश, सेकंदाला दोन हजारांहून जास्त वेळा. अर्ध्या सेकंदाच्या आत आकडा इतका लहान होतो की दशांश चिन्हानंतर सदतीसच्या वर शून्यं. प्रोसेसरची नेहमीची आकडे लिहायची पद्धत तिथे संपते. त्याच्या खालच्या आकड्यांना ‘डीनॉर्मल’ म्हणतात. ते चुकीचे नसतात, पण अनेक प्रोसेसरांना ते हाताळायला एका गुणाकारामागे शंभराहून जास्त ठोके लागतात, एरवी चार-पाचात काम होतं.

तुम्ही म्हणाल, लहान होत होत शेवटी शून्य होईलच की. मलाही तसंच वाटलं. मग कागदावर करून पाहिलं. त्या पद्धतीतला सगळ्यात लहान आकडा म्हणजे एक दाणा समजा. पाच दाण्यांचे नऊ दशांश साडेचार, ते होतात चार दाणे. चारचे नऊ दशांश तीन पूर्णांक सहा, आणि अर्धे दाणे ठेवता येत नसल्याने जवळच्या पूर्णाला न्यायचं, म्हणजे पुन्हा चार. पुन्हा चार. पुन्हा चार. तो कधीच शून्य होत नव्हता. आपण बोलत असेपर्यंत चार पट्ट्यांतले मिळून चार हजार सूर त्या चार दाण्यांवर अडून बसत, प्रोसेसर मागे पडे, रांग तुंबे, आणि आपलं बोलणं संपून समोरचा बोलायला लागला की त्याचा पहिला शब्द सांडे. ‘नका’ तिथे गेला होता.

उपाय दोन ओळींचा होता. प्रोसेसरमध्ये एक खूण करता येते की इतके लहान आकडे सरळ शून्य समज. मी ती केली, शिवाय त्या ओळीत अगदी बारीक ठरावीक आकडा मिळवला, म्हणजे उद्या कुणी खूण काढली तरी निभावेल. ओ थांबले. महागड्या कार्डाचा विषय संपला. मीटिंगमध्ये विचारलं गेलं, दोन ओळींना चार आठवडे? मी हो म्हटलं. कंत्राट वाढलं. सहकाऱ्याला मी मिसळ खाऊ घातली, त्याने अजूनही हिशेब मिटला असं म्हटलेलं नाही.

खोडदचा उल्लेख केला नाही तर आपल्या भागातलं भाषण पूर्ण होत नाही. आपण शाळेत असताना त्या डिश उभ्या राहत होत्या. आपल्याला वाटायचं मोठा टीव्ही लागणार. जीएमआरटीच्या तीस डिश, प्रत्येकी ४५ मीटरची, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. नोकरीला लागल्यावर मला कळलं की दर डिशचे आकडे एकत्र करायला तिथे आधी खास बनवलेली यंत्रणा होती आणि मग २०१० च्या सुमारास तिथल्या मंडळींनी तेच काम बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या रांगेवर आणलं. प्रत्येक अँटेनाचा एफएफटी, मग जोडीजोडीने गुणाकार, सुमारे ३२ मेगाहर्ट्झ पट्टा, आणि सगळं त्याच क्षणी. नंतर सुधारणा झाली तेव्हा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत जायला ग्राफिक्स कार्डं आली. पण साध्या प्रोसेसरवरचा तो टप्पा माझ्या धंद्यातल्या माणसाला तोंडात बोट घालायला लावणारा आहे. आणि तो आपल्या शेजारी, द्राक्षं-टोमॅटोच्या शेतांमधे झाला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन असतं, आपल्या वेळी जाता आलं नाही, मुलांनो तुम्ही जा. तिथल्या लोकांना विचारा, डिश काहीच ऐकत नसते तेव्हा तुमचा प्रोग्रॅम काय करतो?

हा तुकडा आणि एक जुना लॅपटॉप मी शाळेच्या प्रयोगशाळेला देते आहे. किल्ली विज्ञानाच्या बाईंकडे राहील. अँटेना अजून गच्चीवर लावायची आहे, जेवणाआधी दोन जण वर आणि एक जण खाली हवा. आप्पा पहिल्या रांगेत बसलेत, ते खाली थांबतील. हा संच फक्त ऐकतो, त्यामुळे चटका कुणाला बसणार नाही. तरीही वरून कुणी काही म्हणालं, तर आधी पूर्ण ऐकून घ्या.